रिकाम्या विमानाचं वजन

१

मंगळवार, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. विमानतळाच्या मागच्या अंगाला, धावपट्टीपासून सगळ्यांत लांबची जागा. कडक ऊन, वारा नाही. एक मोठं प्रवासी विमान टगने, म्हणजे ठेंगण्या ट्रॅक्टरने, ओढून हँगरमध्ये न्यायचं होतं. ते जागचं जेमतेम हललं आणि टो-बारची पिन तुटली.

पिन तुटणं म्हणजे काही आभाळ कोसळणं नव्हे. टग आणि विमानाचं पुढचं चाक यांच्यामध्ये टो-बार हा लांब लोखंडी दांडा असतो, त्यात ही बोटाएवढी पिन बसवलेली असते. ओढ जास्त झाली की आधी तिने मोडायचं, म्हणजे विमानाचा पाय वाचतो. वर्षातून एखादी मोडते, शिव्या घालून माणसं दुसरी बसवतात, काम पुढे सरकतं. पण सोमवारी याच विमानाने एक मोडली होती, आणि आता ही दुसरी.

शिफ्टच्या इनचार्ज बाई उन्हात उभ्या राहून त्या दोन तुकड्यांकडे बघत होत्या. टग चालवणारा गृहस्थ खाली उतरला. त्याला सगळे कासवकाका म्हणत आणि त्याला त्याचा अभिमान होता.

"काका, झटका दिलात?"

"मॅडम, मला कासव का म्हणतात?"

"ते माहितीये मला."

"मग विचारता कशाला? काठोकाठ भरलेला चहा टगवर ठेवा. थेंब सांडला तर उद्यापासून ससा म्हणा."

बाईंनी हेडसेट कानाला लावला. विमान ओढताना वर कॉकपिटमध्ये एक माणूस ब्रेकवर पाय ठेवून बसवावाच लागतो. दांडा सुटला आणि ते धूड आपल्या मर्जीने चालायला लागलं, तर थांबवणारा तोच एक. "ब्रेक सोडले" असं त्याने वरून म्हणायचं, मग टगने हलायचं. त्याने ब्रेक सोडलाच नाही, किंवा मध्येच दाबला, तर पिन जाते. शाळकरी पोरालाही कळेल इतकं सोपं गणित.

आणि सोमवारी, मंगळवारी, दोन्ही दिवस ब्रेकवर होता बाईंचा धाकटा दीर.

"वहिनी, मी नाही दाबला."

"ड्यूटीवर मॅडम म्हणायचं, भावजी."

"मॅडम, मी नाही दाबला. आईशप्पथ."

बाईंच्या साहेबांचा फोन तिथेच आला. त्यांच्या वातानुकूलित खोलीतून त्यांना सगळं स्वच्छ दिसत होतं. "उद्या परत ओढा. विमानाच्या नव्या मालकाची माणसं गुरुवारी हँगरमध्ये बघायला येतायत. पिन उद्या तुटली तर तुमचा दीर उद्याच घरी. त्याची नोकरी अजून पक्की झालेली नाही, आणि ती कुणाच्या शब्दावर लागली, हे मी विसरलेलो नाही."

फोन बंद झाला. बाईंना खरा राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. साहेब जे म्हणाले, तेच त्यांनाही वाटत होतं.

२

मेकॅनिक आला तो जांभई देत. विमानाच्या पुढच्या पायात एक चकचकीत दांडा असतो. विमान रिकामं असलं की तो वीतभर उघडा दिसतो. माणसं, सामान, इंधन भरलं की विमान खाली बसतं आणि दांडा चार बोटं उरतो. एवढं तर झाडणाऱ्या माणसालाही पाठ असतं.

बाईंनी दांड्याला हात लावून पाहिलं. चार बोटं.

"पायातला वायू गळला असणार," मेकॅनिक म्हणाला. "पडून आहे ना कधीचं."

ते खरंच होतं. ज्या कंपनीचं हे विमान, ती बुडाली. शेवटची फेरी करून विमान इथे आलं, दारांना पट्ट्या चिकटल्या, आणि त्यानंतर ते इथेच उन्हात राहिलं. रिकामंच आलं, असं सगळे सांगत. उतरताना कुणी पाहिलं होतं, असं विचारलं की जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवी.

मेकॅनिकने वायू भरला. विमानाचं नाक हळूहळू वर आलं, दांडा वीतभर उघडा पडला. "झालं," तो म्हणाला आणि चहाला गेला. परत आला तेव्हा दांडा चार बोटं होता.

"गळतंय," तो म्हणाला, पण आवाजात मघाचा जोर नव्हता. साबणाचं पाणी करून त्याने सांधान् सांधा पुसला. एकही बुडबुडा आला नाही. त्याने पुन्हा पुसला.

"फुंकर मारताय का त्याच्यावर?" बाई वैतागल्या. "बुडबुडे येत नाहीत म्हणजे गळत नाही. गळत नाही तर खाली का बसतंय?"

"वजन असेल तर बसतं."

"कसलं वजन?"

बाईंनी इंधनाचे काटे बघायला लावले. टाक्यांत तळाला जेमतेम गाळ. सामानाचा कप्पा उघडायला लावला. मेकॅनिक आत डोकं घालून बॅटरी फिरवत राहिला.

"उंदीरसुद्धा नाही मॅडम. असता तर त्याने बदली मागितली असती."

मग त्यांनी चाकं पाहिली. सगळ्या चाकांचे टायर बुडाशी फुगले होते, उड्डाणाआधी फुगतात तसे. हवा कमी असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. हवा मोजली. ती बरोबर होती. कागदावर रिकामं असलेलं विमान, आणि अंगावर भरल्या विमानाची बसकण! बाईंना कोड्यांचा तिटकारा होता. कोडं म्हणजे कुणीतरी कामचुकारपणा करून वर त्याला सुंदर नाव दिलेलं असतं, असं त्यांचं साधं मत होतं.

त्यांनी साहेबांना फोन लावला. "विमान तोलून घेऊया. वजन जास्त वाटतंय."

"वाटतंय?" साहेब म्हणाले. "विमान रिकामं आहे. कागद माझ्यासमोर आहेत."

"विमान माझ्यासमोर आहे, साहेब."

"उद्या ओढा," साहेब म्हणाले.

३

संध्याकाळी घरी दीर जेवायला बसला नाही. गॅलरीत पाठ करून उभा राहिला. सासूबाईंनी एकदा मुलाकडे, एकदा सुनेकडे पाहिलं आणि ताटावर ताट झाकून ठेवलं. घरात बोलणं झालं असतं तर बरं, असं ते झाकणं होतं.

"तूच लावलंस ना त्याला तिथे?" नवरा म्हणाला. "मग बघ काय ते."

"तिथे लावलं म्हणजे त्याच्या पायावर माझा पाय ठेवून बसू?"

"आवाज कमी."

बाई गॅलरीत गेल्या.

"तुम्हालाही वाटतं ना मी दाबला?" दीर म्हणाला.

बाईंना खोटं बोलता येत नसे आणि खरं बोलायचं नव्हतं.

"मला सांगा काय झालं," त्या म्हणाल्या. "नीट. पहिल्यापासून."

"मी बसलो. पाय ब्रेकवर. मागचं दार लावलेलं. खालून हेडसेटवाला म्हणाला, तयार? मी म्हटलं, ब्रेक सोडले. पाय वर उचलले, वहिनी, अक्षरशः गुडघे वर घेतले. आणि मागून आवाज आला."

"कसला?"

तो हसल्यासारखं करून म्हणाला, "पट्ट्यांचा. दिवा लागला की सगळे पट्टे लावतात ना सीटचे? टक्, टक्, टक्. पुढून मागे गेला. तेवढ्यात पिन तुटली."

"उन्हात पत्रा तडतडतो."

"हो."

"दिवसभर तापलेलं विमान आहे ते."

"सोमवारीही तडतडला. तेव्हाही मी ब्रेक सोडले म्हटल्यावरच. त्याला बरं कळतं कधी तडतडायचं."

बाईंना चीड आली. त्याची, साहेबांची, स्वतःची. पंचवीस वर्षांचा घोडा, आणि चूक केली हे सांगायला लाज वाटते म्हणून भुतं सांगतोय. पण त्याने दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरून ठेवला होता.

"उद्या ब्रेकवर मी बसते," त्या म्हणाल्या.

"तुम्ही?"

"माझ्याकडे ब्रेकवर बसायचा परवाना आहे. इनचार्ज व्हायच्या आधी मी काय मोगऱ्याचे गजरे विकत होते? माझ्या पायाखाली पिन तुटली तर तुमच्यावर कोण बोट दाखवतंय ते बघते. आता जेवा. सासूबाई दोनदा ताट गरम करणार नाहीत."

४

बुधवारी दुपारी साहेब जातीने हजर होते. काळा चष्मा, कडक इस्त्री, जिन्याच्या गाडीच्या सावलीत उभे. माणसं पंखांखाली आपापल्या जागी गेली. दीर हेडसेट घालून पुढच्या चाकाशी उभा राहिला. बाई जिना चढल्या, मेकॅनिकने दार उघडून दिलं, आणि आतली कोंडलेली हवा तोंडावर आली.

ती शिळी असायला हवी होती. बंद कपाटासारखी, रबरासारखी. ती तशी नव्हती. भरलेल्या प्रतीक्षागृहात असते तशी होती, ऊबदार आणि वापरलेली.

बाई डावीकडे वळल्या, कॉकपिटमध्ये गेल्या. उजवीकडे केबिनमध्ये अंधार होता, खिडक्यांच्या झडपा खाली होत्या. तिकडे त्यांनी पाहिलं नाही. पाहण्यासारखं काही नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. कॉकपिटचं दार लावून घेतलं, सीटवर बसल्या, पाय ब्रेकवर ठेवले. मेकॅनिकने बाहेरचं दार ओढून घेतलं, खाली जिन्याची गाडी मागे सरली.

"तयार, मॅडम?" कानात दिराचा आवाज.

"पार्किंग ब्रेक काढला. ब्रेक सोडले."

त्यांनी पाय उचलले.

टक्.

अगदी दाराला लागून. मग त्याच्या मागे दुसरा, तिसरा. मग ओळीच्या ओळी, एकमेकांत मिसळत, लांब जात, शेपटीपर्यंत. पत्रा असा तडतडत नाही. पत्र्याला ओळ कळत नाही. शेवटी अगदी मागून एक राहिलेला आला, घाई केल्यासारखा. टक्.

"थांबा," बाई म्हणाल्या. "काका, हलू नका. कुणी हलू नका."

"काय झालं, वहिनी?"

त्यांनी पार्किंग ब्रेक पुन्हा लावला. दोनदा तपासला. उठल्या. दाराच्या मुठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, न उघडताही चालेल. उघडलं नाही तर दीर जाईल. एवढंच.

त्यांनी दार उघडलं.

झडपांच्या कडांमधून उन्हाच्या रेघा आत आल्या होत्या. त्यात सीटा दिसत होत्या, आणि प्रत्येक सीटवर पट्टा लावलेला होता. सीटवर पडलेला नव्हता. गादीपासून वर, हवेत, गोल उभा होता. काही गोल मोठे, काही बेताचे. खिडकीजवळचा एक अगदी लहान.

बाईंनी सगळ्यांत जवळच्याकडे पाहिलं. तो थोडा वर जात होता. मग खाली. मग वर.

५

भीती वाटायला हवी होती. ती वाटलीही. पण तिच्याही आधी, गेल्या तीन दिवसांचा साठलेला वैताग बाईंच्या मनात उसळला. कंपनी बुडाली, हिशेब बंद झाले, मालक बदलला, साहेबांनी सह्या केल्या. दारांना पट्ट्या चिकटवणाऱ्या शहाण्यांपैकी एकालाही आत डोकावून बघावंसं वाटलं नाही! आणि जबाबदार कोण? तर खाली उन्हात उभं असलेलं त्यांच्या घरातलं पोर.

बाई नोकरीच्या सुरुवातीला प्रवाशांच्या दारावर उभ्या राहिल्या होत्या. ती वाक्यं विसरायची म्हटली तरी विसरत नाहीत. त्यांनी भिंतीवरचा फोन काढला. केबिनमध्ये त्यांचाच आवाज घुमला, आणि तो कापत होता याचाही त्यांना राग आला.

"प्रवाशांना विनंती आहे. आपण पोचलो आहोत. आपले पट्टे सोडा. आपलं सामान घ्या. पुढच्या दाराने उतरा. लहान मुलांना हाताला धरा." आणि मग, कुठल्याच पुस्तकात नसलेलं, "उशीर झाला. माफ करा."

मग हेडसेटमध्ये, "भावजी, जिना लावा परत."

"कशाला?"

"लावा म्हणते ना!"

जिना लागला. बाईंनी विमानाचं दार उघडलं आणि स्वयंपाकघराच्या कोनाड्यात भिंतीला पाठ टेकून उभ्या राहिल्या. डोळे मिटावेत की नाही हे त्यांना ठरवता येईना. आत पट्टे सुटल्याचे आवाज झाले, या वेळी मोकळे, ढिले. मग शांतता. मग जिन्याची पहिली पायरी वाजली.

त्यांना काही दिसलं नाही. दिसलं असं त्यांनी पुढे कधीच म्हटलं नाही. अंगावरून ऊब जात राहिली, एकामागून एक, न संपणारी. एकदा कोपराला कसलासा पट्टा घासून गेला, खांद्याला अडकवलेल्या पिशवीचा असतो तसा. एकदा खाली, गुडघ्याच्या उंचीवर, काहीतरी थांबलं. तिथेच राहिलं. मग ओढल्यासारखं पुढे गेलं.

दारातून त्यांना खालचे साहेब दिसत होते. "काय चाललंय?" असं ते ओरडत होते. मग ओरडणं मध्येच बंद झालं. ते दोन पावलं मागे सरले. मग बाजूला झाले, अंग चोरून, एखाद्या अरुंद दारात वाट द्यावी तसे. जिन्याची सावली सोडून ते भर उन्हात जाऊन उभे राहिले.

"वहिनी," कानात दिराचा आवाज अगदी बारीक झाला होता. "नाक वर येतंय. वीतभर झालं."

पायऱ्या बऱ्याच वेळाने थांबल्या. बाईंनी केबिनमध्ये एकदा पाहिलं. पट्टे सीटांवर सपाट पडले होते. आणि आतली हवा शिळी झाली होती, बंद कपाटासारखी.

"भावजी, वर या," त्या म्हणाल्या. "ब्रेकवर तुम्ही बसा. मी खालून बघते."

विमान हललं. लोण्यातून सुरी जावी तसं ते कासवकाकाच्या मागे गेलं, वळलं, हँगरमध्ये शिरलं. पंखांखालच्या माणसांनी हात वर केले. कुणी टाळी वाजवली नाही. कासवकाका टगवरून उतरला आणि टोपी काढून उगाचच तिच्यात बघत बसला.

"मॅडम," तो म्हणाला, "काल मी दुसरंच विमान ओढत होतो का?"

६

शुक्रवारी साहेबांच्या खोलीत बाई आणि दीर उभे होते. बसा असं कुणी म्हटलं नव्हतं.

"विमान बुधवारी नीट गेलं," साहेब म्हणाले. "पिन तुटली नाही. यांत्रिक दोष सापडला नाही. म्हणजे सोमवारी आणि मंगळवारी ब्रेक दाबलेला होता, हे उघड आहे. बुधवारी हा घाबरून नीट वागला."

बाईंना आधी हसूच आलं. चांगलं काम झालं, हाच पुरावा! "साहेब, विमान खाली बसलेलं होतं. मेकॅनिकने पाहिलं, मी पाहिलं. ते भरलेलं होतं."

"कशाने?"

बाईंना उत्तर माहीत होतं. हे शब्द एकदा तोंडातून गेले की दिराबरोबर त्याही जाणार, हे त्यांना कळत होतं. त्यांनी दिराकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

"माणसांनी," त्या म्हणाल्या. "मी त्यांना उतरवलं. तुम्ही खाली होतात. तुम्ही बाजूला झालात."

"ऊन लागत होतं."

"तुम्ही सावलीतून उन्हात गेलात, साहेब."

साहेबांचा चेहरा हलला नाही. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि दिराला कामावरून काढण्याचं पत्र पुढे ओढलं. "तुमच्याबद्दल मी नंतर बोलेन. आधी याचं."

दार न ठोठावता टर्मिनलचे प्रमुख आत आले. जाडजूड, घामाघूम गृहस्थ. त्यांचं आणि साहेबांचं कधीच पटलं नव्हतं आणि दोघांनी ते लपवलंही नव्हतं.

"परवापासून फोन करतोय, उचलत का नाही? मला एवढंच सांगा, बुधवारी दुपारी तुम्ही मागच्या बाजूला कुठलं विमान लावलं होतं?"

"प्रवासी विमान नव्हतं. का?"

"का म्हणजे? आमचं आगमनाचं सरकतं दार. आतून बाहेर जाणारा आला तरच ते उघडतं, बाहेरून नाही. बुधवारी उघडलं ते अर्धा तास मिटेचना. माझा माणूस शिडी लावून बसला, सगळं खोलून पाहिलं, काहीही बिघाड नाही. बरं, शेवटी मिटायला लागलं, निम्मं मिटलं, आणि परत उघडलं. कुणीतरी मागे राहून धावत यावं तसं. मग मिटलं. आता वरचे माझ्याकडे माणसांचा आकडा मागतायत. मी काय सांगू? कुठलं विमान? किती माणसं?"

साहेबांचं पेन कागदावर टेकलेलं होतं. तिथे शाईचा ठिपका पसरत गेला.

"बोला की," प्रमुख म्हणाले. "तुमच्याकडून लेखी हवंय मला."

साहेबांनी पत्र उचललं, घडी घातली, खणात ठेवलं. दिराला त्यांनी हातानेच जायला सांगितलं. त्याची पुढची ड्यूटी सोमवारी लागली, ब्रेकवरच.

ते पत्र खणातच आहे. प्रमुखांना लेखी उत्तर अजून मिळालेलं नाही. बुधवारी त्या अर्ध्या तासात विमानतळावर एकही विमान उतरलेलं नव्हतं.